टाचणात न लिहायची गोष्ट

शाळेत टाचण कसं लिहितात हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मास्तरकी केलेलीच नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला शिक्षक खोलीत चहा येतो, गेल्या वर्षीची वही उघडली जाते आणि पुढच्या आठवड्याचं टाचण त्या वहीतून या वहीत उतरतं. पाठाचा हेतू, साहित्य, कृती, आणि सगळ्यात खाली लाल शाईने एक ओळ : हेतू साध्य झाला. तास अजून व्हायचा असतो, पण हेतू आधीच साध्य होऊन बसलेला असतो. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यावर सही करतात, वर्ष सरलं की वह्या कपाटात जातात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

भामा मॅडमनेही अठ्ठावीस वर्षं असंच टाचण लिहिलं. ती पनवेलच्या जुन्या भागातल्या त्या शाळेत पीटीची शिक्षिका. माहेर शिरढोणजवळचं. शेताच्या बांधावरून पळून पळून पाय असे तयार झालेले, की कॉलेजात खो-खोला तिच्यामागे धावून धावून मुली रडकुंडीला यायच्या. नोकरीला लागली तेव्हापासून शाळेला तालुक्याची ढाल कधी चुकली नाही. पद्धत सोपी होती. साठ मुलांचा वर्ग मैदानावर आणायचा, त्यातली पंधरा निवडायची आणि त्यांना घाम फुटेपर्यंत पळवायचं. उरलेली पंचेचाळीस भिंतीला टेकून बसायची, गवत उपटायची आणि टाळ्या वाजवायची. त्या पंचेचाळिसांना आपण काय शिकवलं, हा प्रश्न भामाला कुणी विचारला नव्हता आणि तिने स्वतःला विचारायचं कारणच काय? ढाल होती ना.

तेवढ्यात निनाद आला.

निनाद तिचाच विद्यार्थी. पाचवीत काडी पैलवान होता. भामानेच त्याला उचलला, खांबाला वळसा कसा घालायचा ते शिकवलं, राज्य स्पर्धेपर्यंत नेला. त्याचे आईवडील दोघं मुंबईला नोकरीला, घरी यायला रात्र व्हायची. म्हणून शाळा सुटल्यावर तो पळस्प्याला भामाच्या घरी यायचा. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन अभ्यास करायचा. भामाचा नवरा दादू जासईच्या कंटेनर यार्डात कामाला. तो चेष्टेने म्हणायचा, "भामे, आपला पोरगा न्हाय झाला तं काय, ह्यो हाय की." आता तो पोरगा पुण्याहून मोठ्या पदव्या घेऊन आला होता आणि संस्थेने त्याला सगळ्या शाळांचा क्रीडा समन्वयक नेमला होता. भामाला झालेला आनंद काय सांगावा! पहिल्या दिवशी तिने त्याच्यासाठी डबा आणला.

निनादने जूनमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. शारीरिक शिक्षणाची नवी पद्धत. एकही मूल बसून राहता कामा नये, कुणालाही बाद करून बाहेर काढायचं नाही, खेळाचे नियम मुलांनाही बदलू द्यायचे. सुरुवातीला एक फॉर्म वाटला. 'नवीन पद्धत शिकायला मी उत्सुक आहे', 'माझ्या शिकवण्यात बदलाची गरज आहे', अशी वीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत चौकटी. चित्रकलेच्या आनंदा सरांवर चौथीचे पीटीचे तासही लादलेले होते. त्यांनी वाक्यं न वाचताच वीसच्या वीस ठिकाणी 'पूर्ण सहमत'वर खुणा केल्या आणि भामाच्या कानाशी लागले, "नव्याचे नऊ दिवस. सहमत व्हा आणि घरी जा."

भामाने प्रत्येक वाक्य वाचलं आणि खरोखर जे वाटत होतं ते भरलं. बहुतेक ठिकाणी 'असहमत'.

संध्याकाळी निनाद तिचा फॉर्म घेऊन तिच्याजवळ आला. हसत म्हणाला, "बाई, चाळीस जणांत तुम्ही एकट्याच खरं बोललात. बाकी सगळे पालथे घडे. मला तुमच्यासारखंच माणूस हवंय."

"अरे, मला नाय पटत तुझं ते," भामा म्हणाली. "बाद झाला की बाहेर. खेळ म्हणजे खेळ. सगळ्यांनाच आत ठेवलंस तं जिंकणार कोण?"

"नका पटवून घेऊ. फक्त एक वर्ग, एक महिना करून बघा. आणि काय झालं ते लिहा. टाचणात नाही, वेगळ्या वहीत. जे चुकलं तेसुद्धा. ती वही मी सोडून कुणी वाचणार नाही, शब्द देतो."

त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने सातवी ब निवडला.

सातवी बमध्ये वल्लरी होती. अंगाने जाड, चष्मा लावणारी, करंजाड्याच्या सोसायटीत राहणारी. पाचवीपासून दर मंगळवारी, पीटीच्या दिवशी, ती आईच्या सहीची चिठ्ठी आणायची. डोकं दुखतंय, पाय मुरगळलाय, पोटात दुखतंय. भामा चिठ्ठी घ्यायची आणि भिंतीकडे बोट दाखवायची. दोन वर्षं हा व्यवहार एक शब्दही न बोलता चालला होता.

जुलैच्या त्या पहिल्या मंगळवारी भामाने वर्गाचे सहा गट केले आणि विषामृत लावलं. विष लागलं की जागेवर बसायचं, कुणी येऊन अमृत म्हणत हात लावला की पुन्हा उठायचं. लहानपणी गावात खेळायचे तोच खेळ. नवी पद्धत म्हणजे काय, हे तिला तरी कुठे धड कळलं होतं! वल्लरी चिठ्ठी घेऊन उभी होती. भामा म्हणाली, "चिठ्ठी ठेव खिशात. खेळायचं नसेल तर नियम कर. या खेळात काय बदलूया, सांग."

वल्लरीने बराच वेळ मैदानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, बसलेल्याला पण काहीतरी काम द्या ना."

भामाला ते वाक्य फार लागलं. तिने तिथल्या तिथे नियम केला की बसलेल्याने हात पसरून विषवाल्याची वाट अडवायची. आणि बघते तर काय, पाच मिनिटांत वल्लरी आत. तिने हात पसरले की वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलालाही लांबून वळसा घालावा लागत होता. मुलं ओरडत होती, "वल्लरीला इकडे बसव, इकडे!" तास संपला तेव्हा तिचा चष्मा घामाने धुरकटला होता आणि ती हसत होती. पुढच्या मंगळवारी चिठ्ठी आली नाही.

त्या दिवसापासून भामाची वही भरायला लागली. एकदा खरं लिहायची सवय लागली की माणसाला थांबवत नाही. कुठला खेळ फसला, कुठे आपण शिट्टी वाजवून मुलांचं बोलणं तोडलं, कुठे जुन्या खोडीने चपळ मुलांकडेच बघत राहिलो, सगळं ती लिहायची. दादू म्हणायचा, "काय पोथी लिवतेस काय?" ती हसायची. त्रेपन्नाव्या वर्षी आपण पुन्हा विद्यार्थी झालो, याची तिला गंमत वाटायची. दर शनिवारी निनाद वही वाचायचा, समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहायचा. 'हे आधी का सुचलं नसेल, बाई?' असा एक प्रश्न त्याने विचारला. त्याच्या उत्तरात भामाने दोन पानं लिहिली.

तिने लिहिलं, 'मला शिकवता येत नव्हतं. मला फक्त निवडता येत होतं. जी मुलं आधीच पळत होती त्यांना मी पळवलं आणि नाव माझं झालं. वल्लरीच्या चिठ्ठ्या खोट्या आहेत हे मला पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आईची सही तीच करायची. मी तिच्या आईला बोलावलं नाही, तिलाही विचारलं नाही. ती मैदानात नसली की माझा तास सुरळीत व्हायचा, म्हणून मी चालवून घेतलं. मंगळवारी तिची चिठ्ठी आली की मला बरं वाटायचं.'

लिहून झाल्यावर ती थोडा वेळ रडली. पण रडून हलकं वाटलं. निनादने त्या पानाखाली लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही थोर आहात.'

डिसेंबर संपता संपता निनादचा फोन आला. "बाई, दहा तारखेला पालक सभा आहे. अध्यक्ष येणार आहेत. मी नव्या पद्धतीवर बोलणार आहे आणि तुमची वही दाखवणार आहे. पुढच्या रांगेत बसा."

कुणी सावध केलं असतं तरी यापेक्षा वेगळा अर्थ भामाने काढला नसता. पोराला आपल्या बाईचं कौतुक करायचंय. तिने हिरवी पैठणी नेसली. दादूने सुट्टी काढली आणि इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला. सभागृह भरलं होतं. वल्लरीची आई, नीता, पालक समितीची सदस्य म्हणून भामाच्या शेजारच्याच खुर्चीवर होती. "मॅडम, आमची वल्लरी आता मंगळवारची वाट बघते," ती म्हणाली. भामाला आभाळ ठेंगणं झालं.

निनाद व्यासपीठावर गेला. पडद्यावर पहिलं चित्र आलं : 'जुन्या पद्धतीचे दुष्परिणाम : एका शिक्षिकेच्या शब्दांत.'

आणि खाली तिचं अक्षर.

नाव काळ्या पट्टीने झाकलं होतं. पण शाळेत पीटीची बाई एकच, झाकून काय उपयोग? 'मला शिकवता येत नव्हतं' ही ओळ पडद्यावर हातभर मोठी झाली होती. मागून कुणीतरी हसलं. निनाद शांतपणे बोलत होता, की शिक्षक स्वतःच कबूल करतात, त्यांचा दोष नाही, पण त्यांच्याकडून आता होणार नाही; म्हणून संस्थेने पुढच्या महिन्यापासून पीटीचे सगळे तास एका खाजगी क्रीडा अकादमीकडे सोपवायचं ठरवलं आहे. अकादमीचा संचालक म्हणून अध्यक्षांनी त्याचंच नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. वल्लरी मैदानात आली त्या दिवसाचं पान, मुलांनी बनवलेल्या अकरा खेळांची पानं, यातलं एकही पान पडद्यावर आलं नाही.

दुसऱ्या चित्रात वहीतला चिठ्ठ्यांबद्दलचा मजकूर होता. तिथे वल्लरीचं नाव वरच्या ओळीत झाकलेलं होतं आणि खालच्या ओळीत झाकायचं राहून गेलं होतं. नीताने ते वाचलं. एकदा वाचलं, मग चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. मग पर्स उचलली आणि भामाकडे न बघता उठून गेली.

सभा संपल्यावर भामाने निनादला जिन्याखाली गाठला. 

"तू शब्द दिला व्हतास, निनाद."

"बाई, नाव झाकलं होतं ना. आणि तुमच्या तासांची काळजी नका करू, तुम्हाला वाचनालय देतायत. आता या वयात उन्हात कशाला उभं राहायचं?"

"फुडची पानं का नाय दाखवलीस?"

 "वेळ कमी होता." एवढं बोलून त्याने घड्याळाकडे पाहिलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते भामाने आजवर फक्त ऐकलं होतं. कुणी परक्याने हे केलं असतं तर तिने चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरली असती. पण या पोराच्या ताटात तिने भाकरी वाढली होती. आणि त्याने नेमकं काय वापरलं? तिची लबाडी नव्हे, तिचा खरेपणा. आनंदा सरांच्या वहीत सगळीकडे 'हेतू साध्य झाला' होतं. त्यांना कुणी हातही लावला नाही, उलट संस्थेने त्यांना 'उपक्रमशील शिक्षक' म्हणून प्रमाणपत्र दिलं. घरी येताना दादू स्कूटरवर मागे वळून एवढंच म्हणाला, "वहीत खरं कोन लिवतं का, भामे?" 

सोमवारी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. नीताने लेखी तक्रार दिली होती. निनादही तिथे बसला होता, कारण झाकायला राहिलेलं नाव त्याच्याही अंगाशी येणार होतं. मोठ्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "भामाताई, तुम्ही फक्त लिहून द्या. हा मजकूर प्रशिक्षणात नमुना म्हणून लिहायला सांगितला होता, प्रत्यक्षात असं काही घडलेलं नाही. म्हणजे पालक शांत होतील. आणि खरं घडलंच नाही म्हटल्यावर तुमचे तास काढायचं कारणही उरत नाही. पाचवी ते सातवी तुमच्याकडेच राहील. मी अध्यक्षांशी बोलले आहे."

"मीही खाली सही करतो, बाई," निनाद म्हणाला. "सगळ्यांचंच निभावेल."

भामाने त्याच्याकडे पाहिलं. महिनोन्महिने 'खरं लिहा, खरं लिहा' म्हणणारा हाच तो तोंड वर करून सांगत होता, की आता खोटं लिहा. लाज नावाची गोष्ट त्या चेहऱ्यावर कुठे दिसेना. तिला त्याच्या तोंडावर कागद फेकावासा वाटला. पण मैदान जाणार होतं. सातवी ब जाणार होती. अजून पाच वर्षं हातात होती आणि शिकवता आता कुठे यायला लागलं होतं. तिने पेन घेतलं आणि मोठ्या बाईंनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं. खाली सही केली. निनादने केली.

"उद्या दुपारी अध्यक्ष येतील तेव्हा त्यांच्या हातात द्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. कागद पर्समध्ये ठेवून भामा मैदानावर आली. सातवी ब आधीच गट करून उभी होती. वल्लरी मात्र गटात नव्हती. ती सावलीत उभी होती. भामा जवळ गेली तशी ती दोन पावलं पुढे आली.

"मॅडम, आई खूप चिडलीय. मग मोठ्या बाईंचा काल फोन आला. त्या म्हणाल्या ते खोटं होतं. नमुना. खोटंच होतं ना?"

एक 'हो' म्हटलं की झालं असतं. कागदावर तेच लिहिलेलं होतं, चार जणांचं तेच ठरलेलं होतं, मुलगीही तेच ऐकायला आली होती. भामाने तोंड उघडलं आणि तिला ते म्हणता येईना. कुणाही मोठ्या माणसाशी ती खोटं बोलली असती. अध्यक्षांशी तर हसत हसत बोलली असती.

"नाय गं," ती म्हणाली. "खरं हाय ते."

 वल्लरी म्हणाली, "म्हणजे चिठ्ठी मी लिहायचे, ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मी दर सोमवारी आईच्या सहीची प्रॅक्टिस करायचे," वल्लरी म्हणाली. "मला भीती वाटायची, तुम्हाला कळलं तर काय. मला वाटायचं मी तुम्हाला फसवते. आणि तुम्हाला बरं वाटायचं?"

भामाने होकारार्थी मान हलवली.  चार दिवस ती निनादच्या नावाने जळत होती, आपला विश्वासघात झाला म्हणून रात्री उशी ओली करत होती. दहा वर्षांची ही पोर दोन वर्षं भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा तिचा विश्वासघात कुणी केला होता? निनादने पानं दाखवली होती. पानावरचं काम भामाचं होतं.

"आता तसं नाय, वल्लरी," ती कसंबसं म्हणाली. "आता तू मला आवडतेस. अगदी मनापासून सांगते."

वल्लरीने चष्मा काढला, फ्रॉकला पुसला, पुन्हा लावला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. गणितातली शंका विचारावी तसं तिने विचारलं, "पण ते मला आता कसं कळणार?"

तिकडून मुलं हाका मारत होती. वल्लरी वळली आणि वर्गखोलीच्या दिशेने चालू लागली. भामाने पर्समधला कागद काढून फाडला आणि वाचनालयाची किल्ली मागायला मोठ्या बाईंकडे गेली.